मत्स्यसंशोधिका मेरी किंग्स्ले

काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा छंद ज्यांस आहे, त्यांस माशांच्या शास्त्रीय नावांशी केव्हा ना केव्हा परिचय करून घ्यावाच लागतो. ही नावे लॅटिन धर्तीची व दोन पदांची असतात. पश्चिम आफ्रिकेतील नद्यांत आढळणाऱ्या तीन माशांच्या नावांत ‘किंग्स्लेये’ हे दुसरे पद समान आहे. टेनोपोमा किंग्स्लेये, ब्रायसिनस किंग्स्लेये आणि पॅरामॉर्मिरॉप्स किंग्स्लेये हे ते तीन मासे होत. आपल्या संस्कृतातील षष्ठीप्रमाणे या पदाचा अर्थ ‘किंग्स्लेचा’ असा आहे. आणि लॅटिनच्या नियमाप्रमाणे त्याचा प्रत्यय स्त्रीलिंगी आहे. ही किंग्स्ले म्हणजे ज्या विदुषीने शाळेची पायरी कधी चढली नाही, ती मेरी किंग्स्ले होय. तिचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे, आणि विशेषतः त्यांच्या आईबापांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

मेरीचा जन्म १३ ऑक्टोबर १८६२ रोजी लंडन येथे झाला. तिचे वडील जॉर्ज किंग्स्ले हे वैद्य होते. परंतु धनिक उमरावांसमवेत देशोदेशी हिंडण्यात त्यांचे आयुष्य गेले. चुलते चार्ल्स किंग्स्ले हे नामांकित लेखक. समुद्रकाठच्या जीवसृष्टीचे निरीक्षण करावयास लोकांस उद्युक्त करणारे ‘ग्लॉकस’ हे त्यांचे पुस्तक १८५५ साली निघाले होते. अशा घरात जन्मूनही मेरीच्या वाट्यास शाळा आली नाही. धाकटा भाऊ चार्ल्स केंब्रिजला कायदा शिकावयास गेला. मेरीसाठी मात्र जर्मन भाषेच्या शिकवणीखेरीज काही खर्च झाला नाही. आई सदैव आजारी. तिची शुश्रूषा, घरकाम आणि वडिलांची लेखनिकी यांत मुलीचे बालपण व तारुण्य सरले. तिची खरी शाळा म्हणजे वडिलांचा ग्रंथसंग्रह. प्रवासवर्णने, रसायन, मानवशास्त्र, जे हाती येईल ते ती वाचून काढी.

१८९२ साली अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने आईवडील दोघेही निवर्तले. मेरी तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. वडिलांचा एक ग्रंथ अपुरा राहिला होता. निरनिराळ्या जमातींचे धर्मविधी हा त्याचा विषय. तो पुरा करावयाचा तर ते विधी डोळ्यांनी पाहिले पाहिजेत, असे तिने ठरविले. पश्चिम आफ्रिका ही त्या काळी हिवतापाने गोऱ्या लोकांचे बळी घेणारी भूमी म्हणून कुप्रसिद्ध होती. तरीही ऑगस्ट १८९३ मध्ये ती एकटीच त्या किनाऱ्याकडे निघाली. सिएरा लिओनपासून खाली अंगोलातील लुआंडापर्यंत ती गेली. अंगोला तेव्हा गोमंतकाप्रमाणेच पोर्तुगीज अमलाखाली होता. या सफरीत तिने जमविलेले मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील थोर मत्स्यशास्त्रज्ञ आल्बर्ट गुंथर यांच्या पसंतीस उतरले आणि पुढील प्रवासासाठी त्यांनी तिला नमुने टिकविण्याचे साहित्य दिले. पदवी नसलेल्या स्त्रीवर एका मोठ्या संस्थेने टाकलेला हा विश्वास होता.

डिसेंबर १८९४ मध्ये ती पुन्हा निघाली. कलबार येथे काही महिने राहून ती आजच्या गॅबन देशातील ओगोवे नदीवर आली. ज्या लांबारेने येथे पुढे १९१३ साली डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी रुग्णालय काढले, तेथून वर तिचा खरा प्रवास सुरू झाला. पायघोळ काळा पोषाख, उंच गळपट्टी आणि डोक्यास टोपी, असा तिचा इंग्लंडमधलाच वेष जंगलातही कायम राहिला. जवळ पैसा बेताचा. म्हणून कापड, तंबाखू, मासेमारीचे गळ असा माल घेऊन ती व्यापाऱ्याप्रमाणे गावोगाव देवघेव करी. त्यामुळे लोकांस तिच्या येण्याचे कारण समजे व घरांची दारे उघडत. ती नाव वल्हविण्यास शिकली. ज्या फांग लोकांस नरभक्षक म्हणून सारे भीत, त्यांच्याच सोबतीने ओगोवे आणि रेम्ब्वे या नद्यांमधले रान तिने तुडविले. एकदा ती श्वापदांसाठी खणलेल्या खड्ड्यात पडली. तळाशी अणकुचीदार खुंट रोवलेले होते. जाड झग्याच्या घड्यांनी तिला वाचविले. एकदा एका मगरीने तिच्या होडीच्या काठावर पुढचे पाय टेकले. तेव्हा हातातील वल्ह्याचा तडाखा देऊन तिने मगरीस परतविले. परतताना सप्टेंबर १८९५ मध्ये ती ४,००० मीटरांहून उंच असलेला कॅमेरून पर्वत चढली. पण शिखरावर दाट धुके होते व ज्या देखाव्यासाठी एवढा खटाटोप केला, तो काही दिसला नाही.

तिने आणलेले मासे मद्यार्काच्या बरण्यांतून लंडनला पोहोचले. त्यांपैकी आरंभी उल्लेखिलेल्या तिघांना गुंथर यांनी १८९६ साली तिचे नाव दिले. तिघेही अभ्यासण्याजोगे आहेत. पॅरामॉर्मिरॉप्स आपल्या शेपटीजवळच्या अवयवातून अतिक्षीण विद्युत्स्पंदने सोडतो व त्यांच्या साहाय्याने गढूळ पाण्यातही वाट काढतो. टेनोपोमाच्या डोक्यात हवेतील प्राणवायू घेणारा घड्याघड्यांचा अवयव असतो. म्हणून तो पृष्ठभागी येऊन हवा गिळतो. बंगालात कोई म्हणून ओळखला जाणारा मासा त्याचाच आप्त होय.

ओगोवेचे रान आपणांस पाहावयास मिळणे कठीण. परंतु त्या प्रदेशाचा अल्पसा नमुना घरी उभारता येतो. साठ-सत्तर लिटरांची काचेची टाकी घ्यावी. तळाशी धुतलेली बारीक वाळू पसरून वर भिजवून जड झालेले लाकूड ठेवावे. अ‍ॅन्युबियास ही पश्चिम आफ्रिकेची वनस्पती मंद प्रकाशातही जगते. तिचा आडवा कंद वाळूत पुरू नये, पुरल्यास तो कुजतो. तो दोऱ्याने लाकडास बांधावा, मुळे आपोआप धरतात. टाकी भरल्याबरोबर मासे सोडू नयेत. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया त्यांस विषासमान असतो. त्याचे प्रथम नायट्राइट व मग निरुपद्रवी नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव गाळणीत व वाळूत वाढावयास काही आठवडे लागतात. तेवढा धीर धरावा. मग नायजेरियाच्या दक्षिण भागातील क्रिबेन्सिस या चिमुकल्या माशाची एक जोडी सोडावी. नारळाच्या अर्ध्या करवंटीस भोक पाडून ती पालथी ठेवली की तिला गुहा समजून मादी आत अंडी घालते आणि पिले बाहेर पडल्यावर आईबाप दोघेही त्यांचे राखण करतात. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावे; नळाचे पाणी क्लोरिन उडून जाण्यासाठी आधी काढून ठेवावे. टेनोपोमा मात्र अशा टाकीत आणू नये. तो सुमारे वीत भर वाढतो व लहान मासे गिळतो. आणि छंद सुटला तरी परदेशी मासा ओढ्यात वा तळ्यात कधीही सोडू नये. आफ्रिकेतून आलेल्या मांगुराने आपल्या देशी माशांचे केलेले नुकसान सर्वांसमोर आहे.

मेरीचे कार्य माशांपुरते नव्हते. १८९७ साली तिचा पश्चिम आफ्रिकेतील प्रवासाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व गावोगावी तिची व्याख्याने होऊ लागली. आफ्रिकी माणसास स्वतःचा कायदा, धर्म व न्यायबुद्धी आहे. ती समजून न घेता त्यास रानटी ठरविणे हा अन्याय आहे, असे तिने हिरिरीने मांडले. १८९८ साली सिएरा लिओनमध्ये इंग्रज सरकारने झोपड्यांवर कर बसविला, तेव्हा तिने त्यास विरोध केला. स्वतःच्या घरासाठी दुसऱ्यास पैसे देणे म्हणजे घरावरचा आपला हक्क सोडणे, अशी तेथील लोकांची समजूत आहे, हे तिने दाखवून दिले. इंग्रजी सत्ताच तेथून जावी, असे मात्र तिने म्हटले नाही. तिचा भर व्यापारावर होता. ही तिच्या विचाराची मर्यादा आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही.

१९०० साली बोअर युद्ध चालू असता ती दक्षिण आफ्रिकेत गेली. सायमन्स टाउन येथे तिला बोअर युद्धकैद्यांच्या शुश्रूषेचे काम मिळाले. कैद्यांत विषमज्वराची साथ होती. तिचीच बाधा होऊन ३ जून १९०० रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मेरी मरण पावली. तिच्या इच्छेनुसार तिचा देह समुद्रास अर्पण करण्यात आला. पुढच्याच वर्षी तिच्या स्मरणार्थ लंडनमध्ये आफ्रिकन सोसायटी स्थापन झाली.

पहिल्या आफ्रिकायात्रेपासून मृत्यूपर्यंत सात वर्षेही भरत नाहीत. एवढ्या अल्प काळात जिने इतके केले, तिची त्याआधीची तीस वर्षे घराच्या चार भिंतींत गेली, हा विचार मनास चटका लावतो. तिच्या थोरवीचे कौतुक करताना त्या तीस वर्षांचे समर्थन कोणी करू नये. घरात शिक्षणाचा पैसा अपुरा पडला, आजारीपण आले, की प्रथम कोणाची शाळा थांबते, हे आम्हां शिक्षकांस पटावरून कळते. दर वेळी ती उणीव भरून काढणारा ग्रंथसंग्रह घरी असतोच असे नाही. मेरीला वाट सापडली. न सापडलेल्यांची नावे कोणत्याही माशास दिलेली नाहीत. तेव्हा आपल्या घरातील मुलीचे नाव शाळेच्या पटावरून कमी करण्यापूर्वी पालकांनी या चरित्राचे स्मरण करावे, एवढीच आमची विनंती आहे.