लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात : दोन पदके आणि एक अहवाल

सेनाधिकाऱ्याचे चरित्र वाचताना आपले लक्ष प्रथम त्याच्या पदकांकडे जाते. पदक हे पराक्रमाचे प्रमाण असते, हे खरेच. परंतु एखाद्या सैनिकाची सर्वांत मोठी सेवा पदकांच्या यादीत मुळीच नसते, असेही घडते. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचे जीवन या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

थोरातांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील वडगाव येथे झाला. त्या काळी हिंदी शिपाई कितीही शूर असला, तरी ब्रिटिश अधिकाऱ्याच्या बरोबरीची सनद त्याला मिळत नसे. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांनी फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत रक्त सांडले, तेव्हा कुठे हे दार किलकिले झाले. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला अवघ्या दहा जागा राखण्यात आल्या. या मार्गाने थोरात १९२६ साली अधिकारी झाले आणि पुढे पहिल्या-चौदाव्या पंजाब पलटणीत रुजू झाले. हिंदी अधिकाऱ्यांसाठी ज्या आठ पलटणी वेगळ्या काढल्या होत्या, त्यांपैकी ही एक होती. या व्यवस्थेचा हेतू आपण नीट लक्षात घ्यावा. हिंदी अधिकाऱ्याच्या हुकमाखाली गोरा अधिकारी येऊ नये, ही त्यामागील दक्षता होती.

हिंदी अधिकारी रणांगणावर नेतृत्व करू शकेल काय, या शंकेला उत्तर दुसऱ्या महायुद्धाने दिले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील आराकान भागात कांगाव येथे घनघोर लढाई झाली. तेथे लढलेल्या एक्कावन्नाव्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : थोरात, के. एस. थिमय्या आणि एल. पी. सेन. जपान्यांनी भक्कम मोर्चेबंदी केलेली ‘मेलरोज’ ही टेकडी थोरातांच्या दुसऱ्या-दुसऱ्या पंजाब पलटणीने चढाई करून जिंकली. तिघांनाही ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला.

दुसरे पदक मात्र युद्ध जिंकल्याबद्दलचे नव्हते. १९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबले, तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न उभा राहिला. चिनी व उत्तर कोरियन मिळून असे बावीस हजारांहून अधिक कैदी होते. त्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व थोरातांकडे होते. एकदा संतप्त कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या छावणीत पकडून ठेवले. बळाचा वापर केला असता, तर रक्तपात अटळ होता. थोरात स्वतः त्या जमावात गेले, शांतपणे बोलत राहिले आणि मेजरची सुटका झाली. या मोहिमेतील धैर्यासाठी त्यांना अशोकचक्र (वर्ग दोन) देण्यात आले. याच पदकाला पुढे कीर्तिचक्र हे नाव मिळाले.

आता आपण यादीबाहेरच्या सेवेकडे वळू. १९५७ पासून थोरात पूर्व विभागाचे सेनापती होते. ईशान्य सीमेवर चीनकडून धोका असल्याचे ओळखून त्यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये लष्करी मुख्यालयाला सविस्तर अहवाल पाठविला. ऐन सीमारेषेवर केवळ निरीक्षणचौक्या ठेवाव्यात. मुख्य संरक्षणफळी मात्र जेथे रसद पोहोचू शकेल अशा, बोमडिलासारख्या, मागील ठिकाणी असावी, हे त्यांचे प्रतिपादन होते. आपले म्हणणे पटवून देण्यासाठी मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौ येथे ‘लाल किला’ नावाचा लष्करी सरावही घेतला. सरसेनापती थिमय्यांना हा धोका मान्य होता. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो पटला नाही. १९६१ मध्ये सरसेनापतिपद पी. एन. थापर यांच्याकडे गेले आणि थोरात निवृत्त झाले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी आक्रमण झाले. पुरेसे गरम कपडे आणि दारूगोळा नसलेले जवान थेट सीमेलगत, नामका चू नदीकाठी, उभे होते. नोव्हेंबरमध्ये बोमडिलाही पडले. त्यानंतर पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतले. पुढे ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९८६ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १० ऑगस्ट १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आपला अंदाज खरा ठरल्याचा आनंद थोरातांना होणे शक्य नव्हते, कारण त्याची किंमत जवानांनी प्राणांनी चुकविली होती. मेलरोजची टेकडी चढण्यासाठी धैर्य लागले, तसेच वरिष्ठांना नको असलेले सत्य वेळीच लिहून देण्यासाठीही लागले. पहिल्या धैर्याला पदक मिळाले. दुसऱ्याला मिळाले नाही. चरित्राचा अभ्यास करताना आपण या दोहोंचीही नोंद घ्यावयास हवी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : पदकांच्या यादीवरून थोरातांचे कोणते गुण कळतात आणि कोणते गुण कळत नाहीत, ते आपल्या शब्दांत लिहा.