घोड्यांचे उस्ताद : विष्णुपंत छत्रे

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेला आहात का? मासळीच्या होड्या धक्क्याला लागू लागल्या, की मांजरे, कावळे आणि घारी तेथे गोळा होतात. इंजिनाचा आवाज काही खाण्याची वस्तू नव्हे. तरीही तो ऐकताच मांजर कान टवकारून उठते. त्याला हे कोणी शिकवले? कोणीही नाही. आवाजामागून मासा मिळतो, हा अनुभव त्याने अनेकदा घेतलेला असतो. पण त्याच वेळी जवळ एखादा कुत्रा भुंकला तर? मासा विसरून मांजर पळ काढते.

बक्षीस मिळाले की जनावर शिकते आणि लक्ष उडाले की शिकलेले विसरते. या दोन्ही गोष्टी ज्याला नीट कळतात, तोच जनावरांचा चांगला शिक्षक होतो. आपल्या महाराष्ट्रात असा एक थोर शिक्षक होऊन गेला. त्यांचे नाव विष्णुपंत मोरेश्वर छत्रे. भारतातील पहिली सर्कस त्यांनी काढली.

विष्णुपंतांचा जन्म १८४० च्या दशकात सांगली जिल्ह्यातील अंकलखोप या गावी झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन फारसे रमले नाही. त्यांना दोन गोष्टींचे वेड होते. एक गाणे आणि दुसरे घोडे. या वेडापायी ते दूर ग्वाल्हेरला गेले. त्या काळी ग्वाल्हेर हे गायनाचे मोठे केंद्र होते. तेथे उस्ताद हद्दू खाँ यांच्याकडून त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतले. घोड्यांची विद्या त्यांना बाबासाहेब आपटे यांच्याकडून मिळाली. एका शागिर्दाचे हे दोन उस्ताद होते.

पुढे विष्णुपंत कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे नोकरीस लागले. तेथील घोड्यांची पागा त्यांच्या ताब्यात होती. घोडा शिकवून तयार करणाऱ्याला मराठीत चाबूकस्वार म्हणतात. चाबूक, लगाम, जीन, तबेला, नाल हे सारे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. ते फारसीतून आले आणि उर्दूप्रमाणेच मराठीच्याही घरचे झाले. चाबूकस्वार या शब्दात चाबूक आहे खरा. पण नुसत्या चाबकाने घोडा तयार होत नाही. मार खाल्लेला घोडा भीतीने धावतो. भीती वाटली की तो धडा लक्षात ठेवत नाही, सुटकेची वाट शोधतो.

मग घोडा शिकतो कसा? शिकवणारा मधोमध उभा राहतो आणि लांब दोरी धरून घोड्याला आपल्याभोवती गोल फिरवतो. याला घोड्याला कावा देणे म्हणतात. तो तोंडाने एक ठरावीक आवाज काढतो. त्या आवाजाबरोबर घोडा थांबला, की लगेच त्याला गुळाचा खडा किंवा मूठभर चणे मिळतात आणि मानेवर थाप पडते. येथे ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. घोडा आता थांबला आणि गूळ घटकाभराने मिळाला, तर गूळ कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे धडा लहान हवा. आज थांबणे, उद्या वळणे, परवा गुडघा टेकणे. एकाच दिवशी सगळे शिकवायला गेले, तर घोडा गोंधळतो.

याच सुमारास विष्णुपंतांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. १८७९ मध्ये कियारिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली. तिच्यातील घोड्यांची कामे पाहून लोक थक्क झाले. हिंदुस्थानात अशी सर्कस कोणी काढू शकणार नाही, असे कियारिनी म्हणाला आणि विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट काहीही असो, त्यानंतर थोड्याच दिवसांत, १८८० च्या सुमारास, विष्णुपंतांनी आपली सर्कस उभी केली. ‘ग्रेट इंडियन सर्कस’ हे तिचे नाव.

हे काम किती कठीण होते, याचा विचार करा. पागेत शांतता असते. तेथे घोडा आणि त्याचा उस्ताद, दोघेच असतात. तंबूत मात्र हजारो माणसे, झगमगते दिवे, बँडचा गजर आणि टाळ्यांचा कडकडाट! सर्कशीचे रिंगण सुमारे ४२ फूट रुंद असते. तेवढ्या जागेत घोडा वेगाने धावतो आणि त्याच्या पाठीवर माणूस उभा असतो. घोड्याचे लक्ष क्षणभर उडाले, तर माणूस खाली कोसळतो. म्हणजे शांततेत शिकवलेला धडा गोंगाटातही टिकला पाहिजे. त्यासाठी घोड्याला गोंगाटाची सवय हळूहळू लावावी लागते. आधी दूरवर एक ढोल वाजवायचा, मग तो जवळ आणायचा. आधी चार माणसे उभी करायची, मग चाळीस. घोडा बिचकला, तर पुन्हा मागच्या धड्यावर यायचे. त्यावर रागवायचे नाही.

चाबूकस्वारांना जे अनुभवाने ठाऊक होते, ते शास्त्रज्ञ त्याच काळात प्रयोगशाळेत तपासू लागले. अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडले आणि खाऊ बाहेर ठेवला. खटपट करता करता खिटी उघडे आणि खाऊ मिळे. हळूहळू मांजर आधीपेक्षा लवकर बाहेर येऊ लागले. हे प्रयोग त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केले.

रशियात पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. एक ठरावीक आवाज करायचा आणि मग अन्न द्यायचे. काही दिवसांनी नुसता आवाज ऐकूनच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागे. पण एक गंमत होई. पावलॉव्ह यांचे सहकारी मोठ्या उत्साहाने त्यांना प्रयोग दाखवायला बोलावीत आणि नेमके तेव्हाच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटत नसे! कारण काय? नवा माणूस खोलीत आल्यामुळे कुत्र्याचे लक्ष उडालेले असे. तपासणीसाठी साहेब वर्गात आले, की पाठ असलेले उत्तरही आपल्याला आठवत नाही, तसेच हे झाले. पण तोच पाहुणा वारंवार आला, की कुत्र्याला त्याची सवय होई आणि धडा पुन्हा जागा होई. धडा पुसला गेलेला नव्हता, तो फक्त दबला होता. दूरचा ढोल हळूहळू जवळ आणण्यामागे हेच तत्त्व आहे.

विष्णुपंतांची सर्कस देशभर फिरली. दौऱ्यात ते केरळातील तलशेरीला गेले. तेथील व्यायामशिक्षक कीलेरी कुञ्ञिकण्णन यांच्याशी त्यांची भेट झाली. पुढे १९०१ मध्ये कुञ्ञिकण्णन यांनी सर्कशीचे शिक्षण देणारी शाळा काढली. या शाळेतून अनेक कलावंत तयार झाले.

आता एका उस्तादाच्या मुलाची हकिकत ऐका. हद्दू खाँ यांचा मुलगा रहिमत खाँ हा विलक्षण गळ्याचा गवई होता. वडील वारल्यानंतर तो व्यसनात बुडाला आणि गावोगाव भटकू लागला. काशीमध्ये अशा अवस्थेत तो विष्णुपंतांना सापडला, असे सांगतात. विष्णुपंतांनी आपल्या उस्तादांचे ऋण ओळखले. रहिमत खाँना त्यांनी आपल्याबरोबर घेतले, सांभाळले आणि ठिकठिकाणी त्यांच्या मैफली घडवून आणल्या. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे भाऊ काशिनाथपंत यांनीही ही जबाबदारी सोडली नाही. लोक रहिमत खाँना भूगंधर्व म्हणू लागले. १९२२ मध्ये कुरुंदवाड येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या आवाजाच्या काही ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात.

माणूस म्हणजे जनावर नव्हे. त्याला गुळाच्या खड्याने वळवता येत नाही. पण व्यसनाने मन भरकटले, म्हणून अंगातली विद्या मरत नाही. ती दबते. कोणी मायेने जवळ केले, तर ती पुन्हा वर येते. विष्णुपंतांनी रहिमत खाँना टाकून दिले असते, तर एक अमोल आवाज हरवला असता.

विष्णुपंतांचे निधन १९०५ मध्ये झाले. त्यांनी सुरू केलेली परंपरा पुढे चालू राहिली. पुण्याचे दामू धोत्रे यांनी तर वाघ-बिबळ्यांची कामे करून अमेरिकेत नाव मिळवले. मात्र सगळ्याच सर्कशींत जनावरांना मायेने शिकवले गेले नाही. कित्येक ठिकाणी गुळाची जागा काठीने घेतली आणि मोठे प्राणी छोट्या पिंजऱ्यांत आयुष्यभर अडकून पडले. म्हणून १९९८ मध्ये केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि माकडे यांचे असे खेळ करण्यास बंदी घातली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती योग्य ठरवली. जनावर शिकू शकते, म्हणून त्याला काहीही करायला लावण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी शेळी, मांजर किंवा कोंबड्या असतील. त्यांना काही शिकवून पाहा. आवाज एकच ठेवा, खाऊ लगेच द्या, धडा लहान ठेवा आणि हात उगारू नका. शिकवता शिकवता तुमच्या लक्षात येईल, की त्यांच्याआधी आपल्यालाच धीर धरायला शिकावे लागते.

स्वाध्याय

१. विष्णुपंतांचे दोन उस्ताद कोण होते? त्यांनी विष्णुपंतांना काय शिकवले?
२. घोड्याला बक्षीस लगेच का द्यावे लागते?
३. पावलॉव्ह खोलीत आल्यावर कुत्र्याच्या तोंडाला पाणी का सुटत नसे?
४. विष्णुपंतांनी रहिमत खाँना का सांभाळले? तुमच्या शब्दांत लिहा.
५. या पाठात आलेले, उर्दूतही वापरले जाणारे सहा शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.