धर्मानंद कोसंबी : मराठीतील बौद्ध विद्येचा पाया

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा उल्लेख बहुधा दोन ठिकाणी आढळतो : आत्मचरित्राच्या प्रकरणात ‘निवेदन’चे कर्ते म्हणून आणि धर्मविषयक वाङ्मयाच्या प्रकरणात ‘भगवान बुद्ध’चे लेखक म्हणून. या दोन उल्लेखांच्या मध्ये त्यांचे सबंध आयुष्य पडले आहे आणि त्या आयुष्याचा विचार केल्यावाचून दोन्ही ग्रंथांचे स्वरूप उलगडत नाही. पाली भाषेचे अध्ययन महाराष्ट्रातील विद्यापीठीय अभ्यासक्रमात रुजविणारे आणि त्रिपिटकातील आशय सामान्य वाचकाच्या मराठीत आणणारे ते आद्य अभ्यासक होत. संपादन केलेली विद्या कोणाच्या हाती द्यावयाची, हा प्रश्न त्यांच्या जीवनात वारंवार उभा राहिला. त्या प्रश्नाची त्यांनी वेळोवेळी दिलेली उत्तरे हाच त्यांच्या चरित्राचा कणा आहे.

१. सांखवाळ ते काशी

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यात, सांखवाळ या गावी एका सारस्वत कुटुंबात झाला. घरची माडांची बागायत होती व तिची देखरेख हाच तारुण्यातील व्यवसाय. शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. मराठीचे वाचन मात्र त्यांनी स्वतःच्या हिमतीवर वाढविले. १८९१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. तुकारामांच्या अभंगांनी प्रथम त्यांना संसारापलीकडे पाहण्यास शिकविले. पुढे ‘बालबोधमेवा’ या मासिकातील बुद्धचरित्रपर लेख त्यांच्या वाचनात आला आणि मनाने एकच ध्यास घेतला. बुद्धाचा धर्म मूळ ग्रंथांतून समजून घ्यावयाचा आणि त्यासाठी आधी संस्कृत शिकावयाचे, हा तो ध्यास होय.

१८९९ मध्ये वडील निवर्तले, त्याच वर्षी मुलगी माणिक जन्मली आणि वर्ष सरता सरता धर्मानंदांनी घर सोडले. या प्रस्थानाचे सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाशी साम्य दाखविण्याचा मोह चरित्रकाराला होणे स्वाभाविक आहे. तथापि ‘निवेदन’मध्ये धर्मानंद स्वतः त्या मोहात पडत नाहीत. घरच्या अडचणी, स्वतःची उद्विग्नता आणि ज्ञानाची ओढ ही तिन्ही कारणे ते एकाच पातळीवर मांडतात. मागे राहिलेल्या बाळाबाईंना पतीच्या ज्ञानसाधनेची किंमत अनेक वर्षांच्या एकाकीपणाने चुकवावी लागली, ही बाजूही नोंदविली पाहिजे.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे साहाय्य त्यांना लाभले व प्रार्थना समाजाच्या वर्तुळाशी परिचय झाला. परंतु तेथे मनाजोगते अध्ययन होईना, म्हणून ते काशीस गेले. अन्नछत्रात जेवून, पाठशाळेत बसून त्यांनी संस्कृत व्याकरण व साहित्य यांचा अभ्यास केला. १९०२ मध्ये, बौद्ध धर्म अद्याप जिवंत आहे अशा समजुतीने त्यांनी नेपाळ गाठले. पण तेथील त्याची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. तेथून ते बुद्धगयेला गेले. पाली शिकावयाची तर सिंहलद्वीपास गेले पाहिजे, हे त्यांना तेथे कळले.

२. सिंहल आणि ब्रह्मदेश

कोलंबो येथील विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली धर्मानंदांनी पालीचे पद्धतशीर अध्ययन केले व श्रामणेराची दीक्षा घेतली. तेथील ग्रंथ सिंहली लिपीत होते. पुढे मद्रासमार्गे ते ब्रह्मदेशात गेले, तेव्हा तेच ग्रंथ ब्रह्मी लोकांच्या लिपीत पुन्हा वाचावे लागले. ज्या भूमीत बुद्धाने उपदेश केला तेथील लिपीत मात्र त्रिपिटक उपलब्ध नव्हते. नागरी लिपीतील पाली ग्रंथांविषयी त्यांनी पुढे आयुष्यभर बाळगलेला आग्रह या विद्यार्थिदशेतील अनुभवातून आला, हे उघड आहे. ब्रह्मदेशात त्यांनी ध्यानाभ्यासही केला. भारतातील बौद्ध तीर्थांची यात्रा त्यांनी पुष्कळशी पायी, भिक्षेवर निर्वाह करीत पूर्ण केली.

म्हणून त्यांच्या लेखनात बौद्ध धर्म केवळ ग्रंथगत वस्तू म्हणून येत नाही. विनयाचे नियम ते पाळून पाहिलेल्या माणसाच्या अधिकाराने सांगतात. ‘बौद्धसंघाचा परिचय’ (१९२६) आणि ‘समाधिमार्ग’ (१९२५) या पुस्तकांना जो व्यवहारस्पर्श आहे, त्याचे मूळ या चार वर्षांत आहे.

३. पन्नास रुपयांचा निर्णय

१९०६ मध्ये धर्मानंदांनी भिक्षुवेष सोडला. भिक्षूला एका जागी राहून, वेतन घेऊन अध्यापन करणे विनयानुसार अवघड होते आणि त्यांना तर आता पालीचा प्रसार करावयाचा होता. कलकत्त्यास नव्याने निघालेल्या नॅशनल कॉलेजात व लवकरच कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकविली. त्याच वर्षी, सुमारे सात वर्षांनंतर, ते घरी जाऊन कुटुंबाला भेटले. १९०७ मध्ये पुत्र दामोदर यांचा जन्म झाला. गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून पुढे कीर्ती पावलेले दा. ध. कोसंबी ते हेच.

कलकत्त्यातील जागा प्रतिष्ठेची होती. पण आपण मिळविलेल्या ज्ञानाचा उपयोग महाराष्ट्राला व्हावा, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात कोठेही राहून बौद्ध धर्मावर मराठीत ग्रंथलेखन करण्याच्या अटीवर दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा धर्मानंदांनी विद्यापीठातील जागेचा राजीनामा दिला. आर्थिक दृष्ट्या हा तोट्याचा व्यवहार होता, परंतु मराठीतील बौद्ध वाङ्मयाचा आरंभ त्यातून झाला. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे व्याख्यानरूप पुस्तक १९१० मध्ये आणि ‘बुद्धलीलासारसंग्रह’ १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी न येणाऱ्या मराठी वाचकाला पाली साधनांवर आधारलेले बुद्धचरित्र मिळण्याची सोय झाली.

४. हार्वर्ड : श्रमाचे श्रेय

हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वूड्स यांच्या परिचयातून धर्मानंदांना अमेरिकेचे निमंत्रण आले. हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतलेले बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’चे संपादन त्यांच्या १८९९ मधील निधनामुळे अपुरे राहिले होते. ते पूर्ण करण्याच्या कामी धर्मानंद १९१० मध्ये केंब्रिज येथे रुजू झाले. चार्ल्स लॅनमन यांच्या देखरेखीखाली काम चालले होते. परंतु संपादनाचे श्रेय कोणाकडे जावे यावरून मतभेद विकोपाला गेले आणि १९१२ मध्ये धर्मानंद परतले. सिंहली व ब्रह्मी परंपरांतील पाठ ज्याने मठांत बसून आत्मसात केले, त्याला केवळ साहाय्यक मानावे की संपादक, हा या वादाचा गाभा होता. पौर्वात्य विद्येच्या पाश्चात्त्य केंद्रांत देशी पंडिताचे स्थान काय, या मोठ्या प्रश्नाचा तो एक भाग आहे.

धर्मानंदांनी कटुता धरली नाही. १९१८ ते १९२२, १९२६–२७ आणि १९३१–३२ असे आणखी तीनदा ते हार्वर्डला गेले व काम तडीस नेले. ती आवृत्ती हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये १९५० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. तिच्या मुखपृष्ठावर वॉरन यांच्यासह धर्मानंदांचेही नाव आहे. दरम्यान १९४० मध्ये भारतीय विद्या भवनातर्फे ‘विसुद्धिमग्ग’ची नागरी आवृत्ती त्यांनी काढली होती. रोमन लिपीतील आवृत्ती जगभरच्या पंडितांसाठी होती, तर नागरी आवृत्ती येथील विद्यार्थ्यांसाठी.

१९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठात पाली विषयाला स्थान मिळाले त्यामागे भांडारकरांचा पाठिंबा होता. पण विषय उभा राहिला तो धर्मानंदांच्या अध्यापनामुळे. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. का. भागवत ही पुढील पिढीतील पाली पंडितांची नावे त्यांच्या शिष्यमंडळीत मोडतात.

पुढे त्यांनी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात मुनी जिनविजय, पंडित सुखलाल यांच्या सहवासात काम केले. १९२९ मध्ये ते लेनिनग्राड येथे गेले. अमेरिकेत परिचित झालेल्या समाजवादी विचारांचे एक प्रत्यक्ष रूप त्यांनी तेथे पाहिले. परतल्यावर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून त्यांनी कारावास सोसला.

५. ‘भगवान बुद्ध’ : चरित्राची चिकित्सा

या सर्व अनुभवांचा परिपाक ‘भगवान बुद्ध’ (१९४०–४१) या ग्रंथात झाला. नागपूर-पुण्याच्या सुविचार प्रकाशन मंडळाने दोन भागांत काढलेला हा ग्रंथ विदर्भातील वाचकांना जवळचा आहे. त्रिपिटकातील सर्व भाग एकाच काळातील नाहीत, हे त्यांचे गृहीत आहे. अशोकाच्या भाब्रू शिलालेखात उल्लेखिलेल्या सात धर्मपर्यायांचा त्रिपिटकातील सुत्तांशी मेळ घालण्याचा यत्न त्यांनी १९१२ मध्येच केला होता. याच पद्धतीने प्राचीन थर कोणता व नंतरची भर कोणती हे ठरवून त्यांनी बुद्धचरित्राची पुनर्मांडणी केली.

रोगी, वृद्ध, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने मध्यरात्री गुपचूप गृहत्याग केला, ही लोकप्रिय कथा त्यांनी ऐतिहासिक मानली नाही. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तानुसार मातापिता रडत असता, त्यांच्या देखत सिद्धार्थ प्रव्रजित झाला. हे चोरून केलेल्या प्रस्थानाशी जुळत नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात शस्त्रधारणेतून उपजणाऱ्या भयाचा व त्यातून आलेल्या वैराग्याचा निर्देश आहे, हा दुसरा. त्याची सांगड त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात होणाऱ्या भांडणांशी घातली. शाक्य हे गणराज्य होते आणि शुद्धोदन हा चक्रवर्ती नव्हे, तर त्यातील एक जमीनदार क्षत्रिय होता, हेही त्यांनी दाखविले. या मांडणीत गृहत्याग वैयक्तिक दुःखाच्या पातळीवरून उचलला जाऊन सामाजिक संघर्षाच्या पातळीवर जातो. अट्ठकथेने हे भांडण बोधिप्राप्तीनंतरच्या काळात ठेवले आहे, त्यामुळे धर्मानंदांचा निष्कर्ष अनुमानरूपच राहतो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र अनुमानाची सामग्री त्यांनी वाचकापुढे उघडी ठेवली आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रपर ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्याचा वाद येतो. दोन्ही मांडण्यांतील साम्य लक्षणीय आहे. फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. आंबेडकरांचा सिद्धार्थ शाक्यसंघाच्या बहुमताला तोंड देऊन परिव्रज्या पत्करतो, तर धर्मानंदांचा सिद्धार्थ हिंसेच्या चक्राला उबगून बाहेर पडतो. पहिल्या मांडणीचे लक्ष राजकीय निर्णयाकडे आहे, दुसऱ्या मांडणीचे नैतिक संवेगाकडे. बुद्धाला चमत्कारांच्या वेष्टनातून बाहेर काढण्याचा उद्देश मात्र समान आहे.

मांसाहारविषयक प्रकरणामुळे या ग्रंथावर जैन समाजातून तीव्र टीका झाली. प्राचीन काळी बौद्धांप्रमाणे जैन श्रमणही मांस घेत असावेत, हे मत धर्मानंदांनी ग्रंथाधारे मांडले होते आणि विरोधामुळे ते मागे घेतले नाही. जैन परंपरेविषयीचा त्यांचा आदर ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ या अखेरच्या लेखनातून स्पष्ट दिसतो. आदर आणि चिकित्सा परस्परविरोधी आहेत, असे त्यांनी कधी मानले नाही.

६. बहुजनविहार आणि सेवाग्राम

१९३७ च्या सुमारास मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजनविहाराची स्थापना केली. जुगलकिशोर बिर्ला यांचे आर्थिक साहाय्य त्यास मिळाले होते. बौद्ध विद्या विद्यापीठाच्या भिंतींबाहेर, दलित व श्रमिक वर्गापर्यंत नेण्याचा हा प्रयत्न होता. पुढे ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षेने विदर्भाच्या गावोगावी जे परिवर्तन घडविले, त्याच्या तुलनेत तो अगदी लहान म्हणावा लागेल. धर्मानंदांनी बुद्धाचा विचार मुख्यतः वाचकाला दिला. आंबेडकरांनी तो समाजाला दिला. नागपूरपासून पैनगंगेच्या खोऱ्यातील उमरखेडपर्यंत ज्या घरांत त्यानंतर बुद्धवंदना सुरू झाली, त्या घरांतील पहिल्या शिक्षित पिढीला मराठीत वाचावयास जी थोडी पुस्तके सिद्ध होती, त्यांत धर्मानंदांची पुस्तके होती. या अर्थाने दोघांचे कार्य परस्परपूरक ठरते.

अखेरच्या वर्षांत त्यांचे शरीर व्याधींनी जर्जर झाले. आता आपल्या हातून काही कार्य होणार नाही आणि दुसऱ्यांवर भार होऊन जगणे योग्य नाही, या निष्कर्षाप्रत येऊन त्यांनी अन्नत्यागाने देह ठेवण्याचे ठरविले. १९४६ मध्ये उत्तर प्रदेशात आरंभिलेले उपोषण त्यांनी महात्मा गांधींच्या आग्रहावरून सोडले. पुढे ते सेवाग्राम आश्रमात आले आणि यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यातील त्या आश्रमात, सुमारे महिनाभराच्या अन्नत्यागानंतर, जून १९४७ मध्ये त्यांचा अंत झाला.

हा मृत्यू अभ्यासकाला अडचणीत टाकणारा आहे. बुद्धाने देहदंडनाचे टोक नाकारले. अन्नत्यागाने देहविसर्जन करण्याची परंपरा जैनांच्या सल्लेखनेची आहे. बौद्ध विद्येचा आचार्य अखेरीस जैन मार्गाने गेला, असे यावर म्हणता येईल. पण ‘चातुर्याम धर्मा’च्या अभ्यासानंतर त्यांच्या मनात श्रमण परंपरेच्या या दोन शाखांमधील अंतर पुष्कळ कमी झाले होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या अंत्यविधीवर खर्च करू नये, अशी त्यांची इच्छा होती. पाली शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना सिंहलद्वीपास पाठविण्याची सोय व्हावी, ही त्यांची दुसरी इच्छा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्या वाटेने ते स्वतः एकटे गेले होते, ती वाट इतरांना सुकर व्हावी एवढेच त्यांनी मागे मागितले.

७. समारोप

धर्मानंदांच्या गद्यात अलंकरण नाही, भावविवशता नाही. वाक्य लहान, शब्द परिचित, पारिभाषिक संज्ञेचा अर्थ लगेच सांगितलेला. ही शैली त्यांच्या भूमिकेतून आली आहे. ज्याला शाळा लाभली नाही आणि मासिकातील एका लेखाने ज्याचे आयुष्य बदलले, असा वाचक त्यांच्या डोळ्यांसमोर सतत असावा. त्यांच्या काही निष्कर्षांना पुढील संशोधनाने मुरड घातली आहे व यापुढेही घातली जाईल. तथापि मूळ साधने वाचल्यावाचून मत बनवू नये आणि बनविलेले मत वाचकाला समजेल अशा मराठीत सांगावे, हा त्यांनी घालून दिलेला दुहेरी दंडक अबाधित आहे. पालीची नागरी आवृत्ती हाताशी असूनही केवळ इंग्रजी अनुवादावर विसंबणाऱ्या आजच्या अभ्यासाला तो दंडक अजून पाळावयाचा आहे.