रोगाचे मूळ दारिद्र्यात

साथीच्या रोगाची चौकशी करण्यासाठी पाठविलेल्या वैद्याने परत येऊन लोकशाही, शिक्षण आणि करसुधारणा यांची शिफारस करावी, ही गोष्ट कोणत्याही सरकारला विचित्र वाटावी अशीच आहे. १८४८ साली रूडॉल्फ फिरखो यांनी नेमके हेच केले. त्या वेळी ते अवघे सव्वीस वर्षांचे होते.

१८२१ मध्ये पोमेरेनियातील एका लहान गावी साध्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत शिक्षण घेऊन १८४३ मध्ये त्यांनी पदवी मिळविली आणि शारिटे रुग्णालयात शवचिकित्सेचे काम पत्करले. फेब्रुवारी १८४८ मध्ये प्रशिया सरकारने त्यांना अपर सायलेशियात धाडले. पीक बुडाल्याने तेथे दुष्काळ पडला होता आणि टायफसच्या तापाने माणसे मरत होती. सुमारे तीन आठवडे फिरखो त्या भागात हिंडले. बटाट्यावर गुजराण करणारी, दमट व कोंदट झोपड्यांत दाटीने राहणारी पोलिश भाषिक प्रजा त्यांनी पाहिली. जमीन आणि खाणी मूठभर धनिकांच्या, कारभार परक्या जर्मन भाषेत आणि शिक्षण नाममात्र, अशी तेथील स्थिती होती. साथीचे कारण या व्यवस्थेतच आहे, असा निष्कर्ष त्यांनी अहवालात निर्भीडपणे मांडला. स्वराज्याचे हक्क, मातृभाषेतून शिक्षण, रस्ते, शेतीसुधारणा आणि गरिबांवरील करांचा भार कमी करणे हे उपाय त्यांनी सुचविले.

त्याच वर्षी मार्चमध्ये बर्लिनमध्ये क्रांती उसळली. फिरखो तीत सामील झाले आणि वैद्यकीय सुधारणांसाठी त्यांनी साप्ताहिकही काढले. याची किंमत त्यांना मोजावी लागली. १८४९ मध्ये बर्लिन सोडून ते वुर्त्सबुर्ग विद्यापीठात गेले. १८५६ मध्ये ते सन्मानाने परतले. रोगाचा उगम शरीरातील पेशींत शोधणारा त्यांचा ग्रंथ १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांची कीर्ती जगभर पसरली.

तथापि प्रयोगशाळेत ते रमून राहिले नाहीत. १८५९ पासून मृत्यूपर्यंत ते बर्लिनच्या नगरसभेचे सभासद होते. भुयारी गटारे, सार्वजनिक रुग्णालये आणि मांसाची तपासणी यांसाठी ते झटले. विधिमंडळात त्यांनी बिस्मार्कला सातत्याने विरोध केला. १९०२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचाराला मर्यादाही होती. जंतू हेच रोगाचे पुरेसे कारण, हे मानण्यास ते उतारवयातही कचरत राहिले. टायफस उवांमार्फत पसरतो, हे १९०९ मध्ये शार्ल निकोल यांनी सिद्ध केले. फिरखो यांना उवेची ही भूमिका ठाऊक नव्हती. परंतु अंगावरील एकुलते वस्त्र थंडीत धुवायला न मिळणाऱ्या माणसाच्याच अंगावर उवा का माजतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या अहवालात होते. वाहक ओळखल्याने विषमता नाहीशी होत नाही.

भारतातही या विचाराची साक्ष पटते. क्षयावर गुणकारी औषधे असूनही कुपोषित देहात तो बळावतो. म्हणूनच २०१८ पासून क्षयरुग्णांना पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये देण्याची योजना सुरू झाली आणि २०२४ मध्ये ही रक्कम एक हजार करण्यात आली. औषधाबरोबर अन्नही द्यावे लागते, हे शासनाने मान्य केले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र फिरखो यांचा आग्रह याच्याही पुढचा होता. रुग्णाला मदत देऊन न थांबता, त्याला रुग्ण बनविणारी मजुरी, घर आणि शाळा बदलल्या पाहिजेत, हे त्यांचे म्हणणे अजून अमलात यावयाचे आहे.