वारा पडल्यावर

नृसिंहवाडीला वडील नाव वल्हवतात. आमच्या नावेला शीड नाहीच. म्हणूनच कान्होजी आंग्रे यांचे चरित्र वाचताना मी वल्ह्यांपाशी थबकलो. कान्होजी मराठी आरमाराचे सरखेल. १७१३ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या पक्षाला वळविले. त्यांच्या गलबतांना शिडांबरोबर वल्हीही असत. वारा पडला की इंग्रजांची अवजड जहाजे हलेनाशी होत. इंजिन तेव्हा कुठले! मग गलबते तोफांच्या गुराबांना दोराने ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत; तेथे त्याच्या तोफा कमी. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांची कुलाब्यावरील संयुक्त चढाई फसली. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. वल्ही मारणाऱ्यांची नावे मी त्या पुस्तकात शोधली. एकही सापडले नाही.