विश्लेषण : पाच लढाया, तरी निकाल नाही… इंग्रजांना झुंजवणारा फ्रेंच नौसेनानी सुफ्रेन कोण होता?

भारतात इंग्रजांचे वर्चस्व पक्के होत असताना पूर्व किनाऱ्यावर त्यांच्या आरमाराला सलग सोळा महिने झुंजवणारा फ्रेंच अधिकारी म्हणजे पिएर आंद्रे द सुफ्रेन. एकही लढाई तो हरला नाही, तरीही भारतातील चित्र बदलले नाही. असे का झाले?

सुरुवात कशी झाली?

सुफ्रेनचा जन्म १७२९ मध्ये दक्षिण फ्रान्समधील सरदार घराण्यात झाला. चौदाव्या वर्षी तो नौदलात दाखल झाला. १७४७ आणि १७५९ असा दोनदा तो इंग्रजांच्या कैदेत पडला. शत्रूशी रांगेत राहून दुरून तोफा डागण्यापेक्षा जवळ भिडावे, हे त्याचे मत पक्के होत गेले.

भारताकडे का आला?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स इंग्लंडविरुद्ध उतरला होता. मार्च १७८१ मध्ये सुफ्रेन पाच युद्धनौका घेऊन ब्रेस्टहून निघाला. वाटेत पोर्तो प्राया येथे त्याने इंग्रज ताफ्यावर अचानक हल्ला केला आणि पुढे त्यांच्याआधी आफ्रिकेचे दक्षिण टोक गाठून डचांची केप वसाहत वाचवली. फेब्रुवारी १७८२ मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्याचे निधन झाल्याने भारतातील ताफ्याची सूत्रे त्याच्याकडे आली.

खरी अडचण कोणती?

बंदराची. पाँडिचेरी १७७८ पासून इंग्रजांकडे होते. इंग्रज सेनानी एडवर्ड ह्यूज पावसाळी वादळांच्या काळात मुंबईच्या गोदीत जहाजे दुरुस्त करू शके. सुफ्रेनला मोडलेल्या डोलकाठ्यांसाठी लहान जहाजांच्या काठ्या काढाव्या लागत. त्यातच त्याचे अनेक कप्तान ऐन लढाईत मागे राहत. त्यांपैकी काहींना त्याने परत धाडले.

हैदर अलीशी संबंध काय?

मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि मराठे-इंग्रज युद्ध संपण्याच्या मार्गाला लागले. म्हैसूरच्या हैदर अलीला आता फ्रेंचांचा आधार अधिकच हवा होता. जुलैमध्ये कडलूरजवळ दोघांची भेट झाली. ऑगस्टअखेर सुफ्रेनने श्रीलंकेतील त्रिंकोमाली जिंकून अखेर हक्काचे बंदर मिळवले. डिसेंबरमध्ये मात्र हैदर वारला.

शेवट काय झाला?

२० जून १७८३ रोजी कडलूरसमोर पाचवी लढाई झाली. ह्यूजच्या अठरा युद्धनौकांपुढे सुफ्रेनच्या पंधराच होत्या. खलाशी कमी पडल्याने त्याने किल्ल्यातील सुमारे १,२०० माणसे जहाजांवर चढवली. ह्यूज मद्रासला परतला आणि कडलूरची समुद्राकडून झालेली कोंडी फुटली. पण काही दिवसांतच बातमी आली, की युरोपात जानेवारीतच तहाची कलमे ठरली आहेत. पाँडिचेरी फ्रान्सला परत मिळाले. रक्त सांडून घेतलेले त्रिंकोमाली डचांना द्यावे लागले.

मायदेशी सुफ्रेनचे जंगी स्वागत झाले, त्याला व्हाइस ॲडमिरलपद मिळाले. डिसेंबर १७८८ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. फ्रान्सच्या नव्या अणुपाणबुड्यांच्या वर्गाला आज त्याचेच नाव आहे. नुसत्या शौर्याने समुद्र ताब्यात राहत नाही. त्यासाठी बंदर, गोदी आणि रसद लागते, हे त्याच्या मोहिमेने दाखवून दिले.