एगास मोनीज

पणजीस जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. संमोहनाचे बळ संमोहकाच्या अंगी नसून ते रुग्णाच्याच मनात असते, असे कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूंनी पॅरिस येथे प्रतिपादिले. त्यांच्यावर १९२५ साली लिस्बनच्या ज्या डॉक्टरांनी ग्रंथ लिहिला, ते एगास मोनीज होत.

त्यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८७४ रोजी पोर्तुगालमधील आव्हांका गावी झाला. कोइंब्रा येथे शिक्षण घेऊन ते पुढे लिस्बनला मज्जारोगांचे प्राध्यापक झाले. राजकारणातही ते पडले आणि १९१८ साली परराष्ट्रमंत्री झाले. परंतु त्यांचे नाव राहिले ते पन्नाशी उलटल्यावर केलेल्या कार्यामुळे.

क्ष-किरणांनी कवटीचे हाड दिसे, आतील मेंदू दिसत नसे. रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना अडविणारे द्रव्य सोडल्यास त्यांचे जाळे उमटेल आणि गाठीने ते कोठे ढकलले आहे हे कळेल, असा मोनीज यांचा तर्क होता. प्रेतांवर व कुत्र्यांवर प्रयोग झाले. वातरक्ताने मोनीज यांची बोटे वाकडी झाली होती. म्हणून सुई तरुण सहकारी आल्मेदा लिमा यांच्या हाती असे.

प्रथम स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरले. त्या रुग्णांपैकी एक दगावला. मोनीज यांनी ते द्रव्य टाकले आणि सोडियम आयोडाइड घेतले. २८ जून १९२७ रोजी, मेंदूच्या तळाशी गाठ झालेल्या एका तरुणाच्या गळ्याची त्वचा चिरून मोठ्या रोहिणीत ते सोडण्यात आले, आणि काचेवर वाहिन्या स्पष्ट उमटल्या.

मला स्वतःला एकदा तपासणीसाठी आयोडीनयुक्त द्रव्य टोचले, तेव्हा घशापासून ओटीपोटापर्यंत धग धावली. परिचारिकेने ते आधीच सांगून ठेवले होते, म्हणून धीर राहिला. १९२७ च्या त्या तरुणास असा अनुभव सांगू शकेल असे फारसे कोणीच नव्हते. फारियांचा चरित्रकार त्याच्या उशाशी काय बोलला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आयोडाइड वेदनादायक होते. पुढे मोनीज थोरोट्रास्ट वापरू लागले. ते रुग्णास मुळीच त्रास देत नसे, चित्रही सुरेख उमटे; पण त्यातील थोरियम किरणोत्सर्गी असून ते यकृतात साठून राही, आणि कित्येकांना वर्षांनंतर कर्करोग झाला. सुईच्या वेदनेस आपण फार भितो. येथे न दुखणारेच घातक ठरले.

१९३५ साली त्यांनी मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९४९ चे नोबेल पारितोषिक त्यांना वॉल्टर हेस यांच्यासह मिळाले ते या शस्त्रक्रियेसाठी. तिने पुढे अनेकांचे व्यक्तिमत्त्वच हिरावले, आणि ती मागे पडली. रक्तवाहिन्यांचे चित्रण मात्र जगभर चालू आहे.

१९३९ साली एका मनोरुग्णाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यातून ते वाचले. १३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बन येथे त्यांचे निधन झाले.